नाशकात मदतीच्या कामाला उतरायचंय? मग सुरुवात अशी करा

दरवर्षी दोन वेळा हा प्रश्न हमखास येतोच. एकदा जुलै-ऑगस्टमध्ये, गंगापूर धरणातून विसर्ग वाढला आणि पाणी गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला टेकलं की, आणि दुसऱ्यांदा दिवाळीच्या तोंडावर. "मला पण काहीतरी करायचंय, पण कुठे जाऊ, कुणाला पैसे देऊ, आपल्याला घेतील का?" विचारणारे अगदी मनापासून विचारत असतात. कॉलेजची पोरं असतात, नुकतेच रिटायर झालेले काका असतात, बदली होऊन आलेले असतात ज्यांचं इथे ओळखीचं कुणीच नाही. त्यांच्यासाठी हे सगळं एका जागी लिहून ठेवतेय.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. आपल्या घरात काय पडलंय, आपल्याला काय द्यावंसं वाटतंय, यापासून सुरुवात करू नका. समोरच्याला काय हवंय ते विचारा, मग हात घाला. एक फोन करायचा असतो फक्त, पण तो केला नाही तर चांगल्या मनाने केलेली मदतही कुणाच्या तरी अंगावर कामाचा ढीग होऊन पडते.

पहिली पायरी: वेळेचा खरा हिशोब

कागद घ्या आणि लिहा की महिन्यातले किती तास तुम्ही नक्की देऊ शकता. उत्साहात असताना सगळे म्हणतात दर शनिवार-रविवार येतो, आणि तिसऱ्या आठवड्यात लग्न निघतं, पाहुणे येतात, मग फोनही उचलत नाहीत. संस्थेला महिन्यातून एकच दिवस पण ठरलेला दिवस देणारा माणूस जास्त कामाचा, कारण त्याच्या भरवशावर काहीतरी ठरवता येतं. सातपूर-अंबडला शिफ्ट ड्यूटी असेल तर तसं स्पष्ट सांगा, सेकंड शिफ्टवाल्यांना सकाळ मोकळी मिळते आणि हॉस्पिटलमधलं बरंचसं काम सकाळचंच असतं.

मग तुम्हाला काय येतं ते लिहा, आणि इथे लोक स्वतःला फार कमी लेखतात. टॅली येतं? छोट्या ट्रस्टला अकाउंट्स लिहून देणारं माणूस मिळत नाही. गाडी आणि लायसन्स आहे? सामान पोचवणं हे निम्मं काम असतं. आदिवासींची कोकणी किंवा वारली बोली बोलता येते, सुरगाणा-पेठ भागातून आलेले आहात? मग तुमच्यासारखं मोलाचं माणूस नाही. मोबाईलवर फॉर्म भरता येतो एवढं जरी असलं तरी पुरे, ते कसं ते पुढे सांगते.

कॉलेजात असाल तर सगळ्यात सोपा दरवाजा एनएसएसचा, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचा. दोन वर्षांत २४० तासांचं काम आणि एक सात दिवसांचं शिबिर असं त्याचं साधारण स्वरूप असतं. सर्टिफिकेटसाठी म्हणून जाणारी पोरंही तिथून कामाला लागलेली बघितलीत मी, त्यामुळे त्याला नावं ठेवू नका. नोकरीत असाल तर एचआरला विचारा. कंपनी कायद्याच्या २०१३ च्या तरतुदीप्रमाणे ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के सीएसआरवर, म्हणजे समाजोपयोगी कामावर, खर्च करावे लागतात, म्हणजे तुमच्या कंपनीचं एखाद्या संस्थेबरोबर आधीच काम चालू असण्याची शक्यता आहे, आणि तिथे कामगारांनी स्वतःहून यायची तयारी दाखवली की त्यांना आनंदच होतो.

दुसरी पायरी: संस्था शोधा आणि तपासा

नाशकात संस्था भरपूर आहेत. रेडक्रॉस आहे, रोटरी-लायन्सचे क्लब आहेत, रक्तकेंद्रं आहेत, वनवासी कल्याण आश्रमासारखं आदिवासी भागातलं जुनं काम आहे, गुरुद्वारे आणि मठ-मंदिरांची अन्नछत्रं आहेत, शिवाय पाण्यावर, शिक्षणावर, कुपोषणावर काम करणारे छोटे-छोटे गट. मोठं नाव म्हणजे चांगलं काम आणि छोटं म्हणजे संशयास्पद असं काही नसतं. पण पैसे द्यायच्या आधी चार गोष्टी बघायच्याच, आणि त्या विचारायला लाजायचं नाही. चांगल्या संस्थेला असे प्रश्न आवडतात.

महाराष्ट्रातल्या ट्रस्टची नोंदणी १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे असते. नोंदणी क्रमांकाच्या आधी अक्षर असतं, सोसायटी असेल तर 'एफ', आणि कुठल्या एका धर्माचा नसलेला ट्रस्ट असेल तर बहुतेक वेळा 'ई', पुढे जिल्ह्याचं नाव. हा नंबर पावतीवर छापलेला असायला हवा. नाशिकला धर्मादाय सहआयुक्तांचं ऑफिस आहे, शंका असेल तर तिथे चौकशी करता येते. काही संस्था कंपनी कायद्याच्या सेक्शन आठखालच्या, नफा न वाटणाऱ्या कंपन्या असतात, त्यांची नोंद वेगळीकडे असते, तेही चालतं. नीती आयोगाच्या दर्पण या संस्थांच्या नोंदीच्या पोर्टलवर संस्थेचं नाव टाकून बघा. आणि मागच्या वर्षीचा ऑडिट रिपोर्ट मागा. तो समजायला सीए असायची गरज नाही, पैसे आले किती, कामावर गेले किती, पगार-भाड्यावर किती, एवढं बघितलं तरी अंदाज येतो.

पगारावर खर्च दिसला की लगेच भुवया उंचावू नका. "आमच्याकडे शंभर टक्के पैसे गरजूंपर्यंत जातात" असं सांगणाऱ्याला मी उलट दोन प्रश्न जास्त विचारते. हरसूलच्या पुढच्या पाड्यावर रोज जाणाऱ्या ताईला पगार नको का? गाडीत डिझेल कुठून येतं? हे खर्च असतातच, आणि ते उघड दाखवणारी संस्था खरी.

रस्त्यावर, सिग्नलला डबा घेऊन उभे असलेल्यांचं काय करायचं असं बरेच विचारतात. गणेश मंडळांनासुद्धा वर्गणी गोळा करायला धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते, कलम ४१ क ची. तेव्हा कुणी आजारी मुलाचा फोटो लावून डबा पुढे करत असेल तर परवानगी, नोंदणी नंबर, पावतीबुक विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. मिळालं नाही तर हात जोडून पुढे व्हा आणि तेवढेच पैसे घरी जाऊन तपासलेल्या संस्थेला पाठवा, म्हणजे मनाला पण टोचणी राहत नाही.

तिसरी पायरी: पैसे देणं

क्यूआर स्कॅन केल्यावर वर येणारं नाव वाचा. ट्रस्टचं नाव यायला पाहिजे, कुणा माणसाचं नाही. पूर आला, भूकंप झाला की दोन तासांत खोटे क्यूआर ग्रुपवर फिरायला लागतात आणि आपलीच नातेवाईक मंडळी "फॉरवर्ड करा, पुण्य लागेल" म्हणून ते पुढे ढकलतात. मुख्यमंत्री सहायता निधीला द्यायचं असेल तर सरकारी वेबसाईट स्वतः उघडा, आलेल्या लिंकवरून जाऊ नका. फसलात तर लगेच १९३० ला फोन करा, जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवले जायची शक्यता जास्त.

टॅक्सचं थोडं सविस्तर सांगते, कारण यात गैरसमज फार आहेत. देणगीवरची आयकराची सवलत, जिला सगळे एट्टीजी म्हणतात, ती असलेल्या संस्थेला दिलेल्या देणगीवर वजावट मिळते, पण ती जुन्या टॅक्स पद्धतीतच, तुम्ही नवीन पद्धत घेतली असेल तर नाही. बहुतेक संस्थांच्या बाबतीत ती देणगीच्या ५० टक्के असते आणि त्यालाही उत्पन्नाच्या प्रमाणात मर्यादा असते, पंतप्रधान किंवा मुख्यमंत्री निधीला १०० टक्के. म्हणजे तुम्ही १०,००० रुपये दिले तर ५,००० रुपये उत्पन्नातून वजा होतात, टॅक्समधून नाही, वीस टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल तर हातात वाचतात साधारण हजार रुपये. रोख २,००० च्या वर दिलं तर वजावट नाही. तांदूळ, ब्लँकेट, जुना कॉम्प्युटर असं वस्तूरूपात दिलं तरी नाही. पावती घेताना पॅन द्या, कारण आता नुसती पावती चालत नाही, संस्था आयकर खात्याला तुमच्या देणगीची माहिती कळवते आणि मग तुम्हाला एक प्रमाणपत्र देते, ज्याला आत्तापर्यंत सगळे टेन-बीई म्हणत आलेत. रिटर्न भरायच्या आधी ते मागून घ्या, छोट्या संस्था विसरतात.

आणि मुलं परदेशात असलेल्या आई-बाबांसाठी. नाशकात आता प्रत्येक सोसायटीत असं एक तरी घर आहे. मुलाचा पासपोर्ट भारतीय असेल तर त्याने स्वतःच्या कमाईतून दिलेली देणगी साधी देणगीच धरतात, मग तो कुठल्याही देशात राहो. पण त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते ओसीआय कार्ड असलं तरीही, ती परदेशी देणगी होते आणि एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घ्यायची, नोंदणी असलेल्या संस्थेलाच, दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खास खात्यात द्यावी लागते. "बाबांच्या अकाउंटला टाकतो, तुम्ही देऊन टाका" हा मार्ग सुचतो सगळ्यांना, पण त्यात संस्था अडचणीत येऊ शकते, म्हणून आधी संस्थेच्या अकाउंटंटशी बोला.

किती द्यायचे हा तुमचा प्रश्न. माझं मत विचाराल तर एकदाच ६,००० देण्यापेक्षा महिन्याला ५०० द्या, यूपीआयवर ऑटोपे लावून टाका. आपत्तीत पैशांचा पूर येतो, मग फेब्रुवारी-मार्चमध्ये काम करणाऱ्या मुलीचा पगार काढायला संस्थेची ओढाताण होते. दर महिन्याला येणारे पैसे माहिती असले की पुढचं ठरवता येतं. आणि शक्यतो "अमुकच कामाला वापरा" अशी अट घालू नका, विश्वास बसलेला असेल तर. मोठी रक्कम देताना मात्र कायम निधीला देताय का चालू खर्चाला ते पत्रात स्पष्ट लिहा, कायम निधीचं फक्त व्याज वापरलं जातं हे बऱ्याच देणगीदारांना नंतर कळतं.

सामान द्यायचं असेल तर

इथे मी जरा जास्त लिहिणारे, कारण सगळ्यात जास्त वाया जाणारी मदत ही आहे.

पुरानंतर एखाद्या शाळेच्या हॉलमध्ये सामान छाननीला बसा एकदा. गोणी उघडली की वर चांगल्या साड्या असतात आणि खाली काय काय निघतं, चेन तुटलेल्या फुलपॅंट, एकाच पायातली चप्पल, लग्नातले जरीचे लेहंगे, इलॅस्टिक गेलेले लहान मुलांचे स्वेटर. औषधांची पिशवी निघते, त्यात स्ट्रिप्स अर्ध्या कापलेल्या, एक्स्पायरीची तारीख होती तोच तुकडा गेलेला, म्हणजे ती सगळी फेकायची. पाच-सहा जणं दिवसभर हेच करत बसतात, आणि तिकडे काठावरच्या घरांमध्ये चिखल तसाच असतो. कपडे देणारीने मनात वाईट काही धरलेलं नसतं, पण त्या दिवशी त्या वस्तीला हवे होते खराटे, फावडी, घमेली, ब्लीचिंग पावडर, झाकणाच्या बादल्या, सॅनिटरी पॅड, लहान मुलांची अंतर्वस्त्रं, मेणबत्त्या आणि काड्यापेट्या.

म्हणून यादी मागा. कालची चालत नाही, आजची मागा, कारण पुरात गरज रोज बदलते. पहिल्या दिवशी शिजवलेलं अन्न आणि पाणी, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सफाईचं सामान, चौथ्या-पाचव्या दिवसापासून कोरडा शिधा, भांडी, सतरंज्या, आणि मग पंधरा दिवसांनी, जेव्हा सगळे विसरलेले असतात, मुलांची दप्तरं-वह्या आणि कागदपत्रं परत काढायला मदत. रेशनकार्ड, आधार भिजून गेलेलं असतं आणि त्याच्यावाचून सरकारी मदतीचं पुढे सरकत नाही.

कपडे द्यायचेच असतील तर साधी कसोटी लावा, हे मी उद्या माझ्या बहिणीला नेसायला देईन का? देणार असाल तर धुऊन, इस्त्री नाही तरी घडी घालून, बायकांचे-पुरुषांचे-मुलांचे वेगळे बांधून, बाहेर मार्करने लिहून द्या. साडीबरोबर परकर द्या, याची आठवण कुणालाच राहत नाही. शिधा देताना एकेक घराचं पॅकेट करा, पीठ-तांदूळ-डाळ-तेल-मीठ-तिखट-साखर-चहा, आणि तेलाची पिशवी वेगळ्या पिशवीत, फुटली की सगळं पॅकेट गेलं. नागलीचं पीठ जिथे खातात तिथे मैद्याची बिस्किटं नेऊन काही साधत नाही.

पुराच्या दिवसांत काय करायचं आणि काय नाही

२००८, २०१६, २०१९, ज्यांनी गोदाकाठचे हे पूर बघितलेत त्यांना सराफ बाजार, भांडी बाजार, काठावरच्या वस्त्या कशा बुडतात ते माहितीये. पाणी चढत असताना होळकर पुलावर जाऊन उभं राहणं ही मदत नाही, त्या गर्दीतून अग्निशमनवाल्यांची गाडी काढायची म्हणजे केवढा त्रास होतो. पाणी चढतंय तोवर प्रशिक्षण नसलेल्या माणसाने पाण्याजवळ जायचंच नाही, पोहता येत असलं तरी. तुमचं काम पाणी उतरल्यावर सुरू होतं.

तेव्हा जाताना गमबूट आणि रबरी हातमोजे घाला, पायाला जखम असेल तर त्या दिवशी चिखलात उतरू नका, लेप्टोची, म्हणजे घाण पाण्यातून जखमेवाटे होणाऱ्या तापाची, भीती असते. धनुर्वाताचं इंजेक्शन झालेलं असावं. ज्या घरात सफाई करताय त्या घरच्या माणसाला विचारल्याशिवाय एक वस्तूही बाहेर फेकू नका. आपल्याला चिखलाचा गोळा दिसतो तो कुणाच्या आईचा फोटो असतो.

ज्यांना खरंच आपत्तीतलं काम शिकायचंय त्यांनी जिल्हाधिकारी कार्यालयातल्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात जाऊन आपदा मित्र प्रशिक्षणाची चौकशी करावी. जिल्हा नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७, मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा.

सिव्हिलमध्ये: पहिला दिवस कसा असतो

त्र्यंबक रोडच्या आपल्या जिल्हा रुग्णालयात सुरगाणा, पेठ, कळवणहून पेशंट येतात आणि तिकडून जव्हार-मोखाड्याहूनही येतात. पहाटे निघालेला माणूस दहा वाजता दारात पोचतो तो आधीच दमलेला. त्याला केसपेपर कुठल्या खिडकीवर काढायचा माहीत नाही. केसपेपर निघाला तर ओपीडी सापडत नाही. डॉक्टरांनी सोनोग्राफी लिहून दिली तर ती कुठे, रिपोर्ट कधी, मधल्या वेळात बसायचं कुठे, कशातलंच काही माहीत नाही आणि विचारायची भीती वाटते. तीन जागी "तिकडे जा" ऐकलं की काही माणसं तशीच परत जातात, तपासणी न करता.

इथे तुम्ही काय करायचं, तर त्याच्याबरोबर चालायचं. एवढंच. खिडकीवर नंबर लावायचा, कागद वाचून सांगायचा, डॉक्टर काय म्हणाले ते बाहेर आल्यावर परत एकदा सावकाश सांगायचं, गोळी सकाळची कुठली आणि रात्रीची कुठली ते पाकिटावर सूर्य-चंद्र काढून दाखवायचं. आत जायचं ते हॉस्पिटलच्या परवानगीनेच, आधीपासून तिथे काम करणाऱ्या गटाबरोबर, ओळखपत्र गळ्यात घालून. ऑपरेशन सांगितलं असेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या काउंटरला आरोग्यमित्र बसलेला असतो, त्याच्याकडे न्यायचं, रेशनकार्ड आणि आधार सोबत आहे का ते आधी बघायचं. नसेल तर गावातल्या कुणाला फोन लावून कागदाचा फोटो मागवायचा, तेवढ्याने निदान काम सुरू तरी होतं.

औषधाबद्दल स्वतःचा सल्ला द्यायचा नाही, नर्स-मामांशी वाद घालायचा नाही, त्यांच्यावर कामाचा किती ताण असतो ते दोन दिवसांत कळतं. आणि पेशंटला वयाप्रमाणे बाबा, आजी, ताई म्हणा, "ए मावशी, चल इकडे" असं नको.

पाड्यांवर जाताना

दिवाळीत फराळ आणि कपडे घेऊन पाड्यावर जाणं ही नाशिककरांची आता पद्धतच झालीये, आणि त्यामागची माया मला कळते. फक्त काही गोष्टी. पेठ साधारण ५५ किलोमीटर, सुरगाणा नव्वदच्या आसपास, आणि हमरस्त्याला लागून असलेले पाडे सगळ्यांना सोपे पडतात, त्यामुळे तिथे एका आठवड्यात तीन-तीन गाड्या येतात आणि डोंगराच्या मागच्या पाड्याला कुणीच फिरकत नाही. म्हणून आधी ग्रामसेवक, आशाताई, शाळेचे गुरुजी किंवा तिथे वर्षभर काम करणारी संस्था यांना विचारा, घरं किती, मुलं किती, यंदा अजून कोण येणार आहे. घरटी एक पॅकेट करून न्या, लाइनीत उभं करून हातात लाडू ठेवू नका. मुलांचे रडवेले, नाक वाहणारे फोटो काढून स्टेटसला टाकू नका, तुमच्या मुलाचा असा फोटो कुणी टाकलेला चालेल का?

दिवाळीनंतर यातली बरीच घरं कुलूप लावून दिंडोरी-निफाडला द्राक्षबागांच्या कामाला जातात. मुलं बरोबर जातात, शाळा सुटते. तेव्हा तुम्हाला खरंच वर्षभराचं काम करायचं असेल तर ते तुमच्या दारापर्यंत चालत आलेलं असतं, बागेजवळच्या पालांवर संध्याकाळी दोन तास शिकवणी घ्या, जवळच्या झेडपी शाळेत त्या मुलांना बसू देतात का ते बघा.

पाण्याचं काम मोठं आहे, एकट्यादुकट्याचं नाही. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकमध्ये पावसाळ्यात धो-धो पाऊस, पण कातळ आणि उतार असा की पाणी थांबतच नाही, एप्रिल-मेमध्ये बाया दरीतल्या विहिरीच्या तळातून वाटीने पाणी भरतात. इथे मोटर, सोलर पॅनल, टाकी, पाइपलाइन असे प्रकल्प संस्था करतात आणि लोक देणगी देतात. देणगीच्या आधी एकच प्रश्न जरूर विचारा: दोन वर्षांनी मोटर जळली तर दुरुस्त कोण करणार, कुठल्या पैशाने? ज्या गावात पाणी समिती आहे, घरटी थोडी पट्टी जमा होते, खड्डे गावकऱ्यांनी श्रमदानाने खणलेत, तिथली योजना चालते. बाकी ठिकाणी टाकीवर देणगीदाराचं नाव तेवढं चांगलं दिसतं आणि नळ कोरडा असतो.

मुलांचे आणि ज्येष्ठांचे आश्रम

वाढदिवसाला केक घेऊन जायची हौस असते. रविवारी आणि १५ ऑगस्टला बालगृहात एवढे पाहुणे येतात की मुलांना अभ्यास सोडून तीनदा उठून गाणं म्हणावं लागतं. फोन करून साधा मधल्या वाराचा दिवस विचारा, जेवणाचा खर्च द्या, आणि जमत असेल तर आठवड्यातून एकदा गणित शिकवायला जा, पण निदान एक शैक्षणिक वर्ष. मुलं जीव लावतात आणि मग माणूस यायचं बंद होतं, हे त्यांना पुन्हा पुन्हा सोसावं लागू नये. संस्था तुमचं ओळखपत्र, पोलीस पडताळणी मागेल, मुलाबरोबर एकटं बसू देणार नाही, त्याचा राग मानू नका, तसं न करणाऱ्या संस्थेपासून लांब राहा. बालगृहातल्या मुलांची ओळख उघड करणं बाल न्याय कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा फोटो नाहीच. रस्त्यावर एकटं, अडचणीतलं मूल दिसलं तर घरी आणू नका, १०९८ ला फोन लावा. ज्येष्ठांसाठी १४५६७ आहे.

वृद्धाश्रमात मोबाईल येणाऱ्या माणसाची खरी गरज नोव्हेंबरमध्ये पडते, पेन्शनवाल्यांचे हयातीचे दाखले द्यायचे असतात. चेहरा स्कॅन करून ते आता फोनवरून होतं, पण आजोबांना ते कुठून जमायचं? एका दुपारी पंधरा जणांचं होऊन जातं. तसंच बँकेचं केवायसी, निराधार योजनेचे कागद.

रक्तदान

वेळ नाही, पैसे नाहीत, तरी हे करता येतं. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५ च्या वर. पुरुषांनी दोन वेळांत ९० दिवस, बायकांनी १२० दिवस अंतर ठेवायचं. नुकताच टॅटू काढला असेल, अँटिबायोटिक चालू असेल तर तसं स्पष्ट सांगा, लपवू नका, लाजण्यासारखं त्यात काही नाही.

नेत्यांच्या वाढदिवसाला एकाच दिवशी शेकडो बाटल्या जमतात, पण रक्त साठवून किती दिवस राहतं? लाल पेशी ४२ दिवस, प्लेटलेट्स जेमतेम पाच दिवस. मे महिन्यात कॉलेजं बंद, लोक गावाला, आणि दिवाळीतही तसंच, तेव्हा रक्तकेंद्रांत खडखडाट होतो. थॅलेसेमियाच्या मुलांना तर दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतंच, त्यांना सुट्टी नाही. म्हणून तुमची तारीख मे आणि दिवाळीत येईल अशी धरा. डेंग्यूच्या दिवसांत, पावसाळा संपता-संपता, प्लेटलेट देणाऱ्यांच्या यादीत नाव घालून ठेवा, त्याला वेळ जास्त लागतो, तासाभराच्या वर, पण फोन आला की जायचं. आदल्या रात्री जागरण नको, जाताना पोटभर नाश्ता करून जा, उपवासाच्या दिवशी नको.

थांबायचं असेल तर

काम झेपत नसेल, घरी अडचण आली तर सांगून थांबा. महिनाभर आधी कळवा, हातातलं काम पुढच्याला समजावून द्या, चाव्या, पावतीबुकं, ग्रुपचे ॲडमिन हक्क परत करा. संस्थेत काही खटकलं, हिशोबात गोंधळ दिसला, तर आधी विश्वस्तांना लेखी विचारा, उत्तर नाही मिळालं तर धर्मादाय कार्यालय आहेच. सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका लगेच, अर्धवट माहितीने चांगली कामंही बंद पडतात.

आणि २०२७ चा सिंहस्थ आता समोर आहे. तेव्हा ऐनवेळी रामकुंडावर जाऊन "काही काम आहे का" विचारण्यात अर्थ नाही, नावनोंदणी आधी होते. तुम्हाला घाट, गल्ल्या माहितीयेत, हिंदी येतं, तर हरवलेल्यांना त्यांच्या माणसांपर्यंत पोचवणं, पाणी, प्रथमोपचार अशी कामं असतात. त्यासाठी प्रथमोपचाराचा कोर्स आत्ताच करून घ्या, रेडक्रॉस आणि सेंट जॉनसारख्या संस्था असे कोर्स घेतात. व्हिडिओ बघून सीपीआर येत नाही, मिनिटाला १०० ते १२० वेळा छाती दाबायची म्हणजे काय ते पुतळ्यावर करून बघितल्याशिवाय हात बसत नाही. जाताना सैल कपडे घालून जा, बराच वेळ गुडघ्यांवर बसावं लागतं.